वायरलेस फायर अलार्म रोज रात्री ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ देतोय? आधी शटर ओढून बघा

दिवसभर अलार्मच्या पॅनेलवर हिरवा दिवा. रात्री दुकानं बंद झाली की पिवळा लागतो, बझर सुरू होतो आणि पडद्यावर ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ आणि त्याखाली धूर टिपणाऱ्या पाच-सहा डिटेक्टरचे नंबर. सकाळी दुकानं उघडली की सगळं आपोआप जागेवर. टेक्निशियन येतो अकराला, त्याला काहीच सापडत नाही. दोन बॅटऱ्या बदलतो, पॅनेल रिसेट करतो, सही घेऊन जातो. रात्री परत तेच.

बेळगावात खडे बाजार, गणपत गल्लीची दुकानं, शहापुरातली साड्यांची दालनं, निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारी, जुन्या घरातच थाटलेले लॉज आणि दवाखाने, असं कुठंही वायरलेस फायर अलार्म बसवला की ही तक्रार यायचीच. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. घोळ सर्व्हेत, म्हणजे बसवण्याआधी सिग्नल मोजून बघतात त्यात असतो. सर्व्हे होतो भर दिवसा, शटर उघडी असताना, एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, गोडाऊन अर्धं रिकामं असताना. म्हणजे डिझाइन झालं एका मोकळ्या, कोरड्या इमारतीचं, आणि यंत्रणा चालवायची आहे कुलूपबंद, ओल्या, मालाने खच्चून भरलेल्या इमारतीत. कागदावर पत्ता एकच असला तरी रेडिओच्या दृष्टीने या दोन वेगळ्या इमारती आहेत.

ही तक्रार ‘त्रास’ म्हणून सोडून देण्यातली नाही, हे मालकांना आधी सांगावं लागतं. फॉल्ट आला म्हणजे त्या डिटेक्टरचा पॅनेलशी संपर्क तुटला. तेवढा वेळ त्या दुकानात धूर झाला तरी खाली वॉचमनला कळणार नाही. आणि हे होतंय कधी, तर दुकानात चिटपाखरू नसतं तेव्हा. दिवसा आग लागली तर नोकर बोंब मारेलच. अलार्म खरा हवा असतो तो रात्री.

आपल्याकडे वायरलेसचं आकर्षण का, तेही समजून घ्यायला हवं. जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, दीड-दोन फूट जाड. वरून सागवानी तुळया, लाकडी तक्तपोशी. केबलसाठी भिंत फोडायची म्हटली की मालक हात जोडतो. दवाखाना किंवा लॉज चालू ठेवून काम उरकायचं असतं. अशा ठिकाणी वायरलेस योग्यच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्या जाड भिंतीमुळे आपण केबल टाळतो, त्याच भिंतीतून रेडिओला पार जायचं असतं, हे सर्व्हेच्या वेळी विसरलं जातं.

आता दुरुस्ती. स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायच्या आधी पॅनेलमधली इव्हेंट लॉग (घडलेल्या गोष्टींची वेळेसह नोंद) उघडा आणि मागच्या पंधरवड्याचे फॉल्ट मोबाईलवर फोटो काढून घ्या. रिसेट नंतर. रोज सकाळी रिसेटचं बटण दाबत राहिलात तरी लॉग बहुतेक पॅनेलमध्ये शिल्लक राहते, पण जुन्या नोंदी नव्या नोंदींखाली पुसल्या जातात. लॉगमध्ये तीन गोष्टी बघायच्या: किती डिटेक्टर एकदम गेले, किती वाजता गेले, आणि परत कधी आले.

वेळ बघताना एक मेख आहे. वायरलेस फायर अलार्मसाठी ईएन ५४-२५ हे युरोपीय मानक आहे. त्यानुसार डिटेक्टरचा संपर्क तुटला तर यंत्रणेला ते ३०० सेकंदांच्या आत ओळखता आलं पाहिजे. ओळखल्यावर पडद्यावर यायला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणजे कारण घडल्यावर पाच-सहा मिनिटांनीही फॉल्ट दिसू शकतो. लॉगमध्ये ९.३६ लिहिलंय म्हणून ९.३६ ला काय झालं ते शोधू नका. साडेनऊला काय झालं ते विचारा. साडेनऊला शटर ओढलं गेलं.

शटर हा आपल्या बाजारपेठांतला पहिला संशयित. लोखंडी पट्ट्यांचं शटर खाली आलं की दुकानाचं तोंड पत्र्याने बंद होतं आणि रेडिओसाठी पत्रा म्हणजे भिंतीपेक्षाही वाईट. जांभ्याच्या कोरड्या भिंतीतून थोडाफार सिग्नल गळत येतो, पत्र्यातून जवळपास काहीच नाही. उघड्या दारातून येणाऱ्या सिग्नलवर ज्याचं सगळं चाललं होतं, तो डिटेक्टर शटर पडलं की गेलाच म्हणा.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त वेळ गैरसोयीची. रात्री दुकानं बंद व्हायच्या वेळी जा. सर्व्हे किटचा, म्हणजे सिग्नल मोजायच्या जोडयंत्राचा, एक भाग दुकानात डिटेक्टरच्या जागी लावा, दुसरा रिपीटरच्या (डिटेक्टरचा सिग्नल पुढे पॅनेलकडे पाठवणारं मधलं यंत्र) किंवा पॅनेलच्या जागी घेऊन उभे राहा. शटर वर असताना रीडिंग लिहा. मग दुकानदाराला शटर पूर्ण ओढून कुलूप लावायला सांगा आणि परत लिहा. आत काचेचं दार, वातानुकूलनाचा पडदा, मागचा लोखंडी दरवाजा असेल तर तेही लावून घ्या. दोन आकड्यांत १५-२० डेसिबलचा फरक पडला की चोर सापडला. डेसिबलचा हिशोब ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी: १० डेसिबलने कमी म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर, २० ने कमी म्हणजे शंभराव्या.

रीडिंग घेताना लोखंडी शिडी डिटेक्टरखाली उभी ठेवू नका आणि स्वतःही बाजूला व्हा. माणसाचं अंग सिग्नल खातं, शिडी तो भलतीकडे वळवते. ‘मी वर होतो तेव्हा फुल होता’ असं जे टेक्निशियन सांगतात, ते खोटं बोलत नसतात. शिडीने दिलेला सिग्नल मोजून आलेले असतात.

कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेच्या वर, शटर बंद असताना, निदान १० डेसिबल शिल्लक पाहिजेत. मी जुन्या दगडी घरांत १५ पेक्षा कमी चालवून घेत नाही, कारण पावसाळ्याचा वाटा अजून जायचा असतो.

कमी पडत असेल तर लगेच जादा रिपीटर मागवू नका. आधी डिटेक्टर हातभर इकडे-तिकडे करून बघा. ही अंधश्रद्धा नाही. डिटेक्टर ज्यावर बोलतात त्या ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३५ सेंटीमीटर. भिंतींवरून, पत्र्यावरून परतलेल्या लाटा एकमेकींना छेदतात तिथं सिग्नलचा खड्डा पडतो, आणि वीतभर बाजूला तो भरलेला असतो. तेवढं सरकवल्याने धुराच्या मापात फरक पडत नाही. पण सिग्नलच्या नादाने डिटेक्टर थेट कोपऱ्यात, तुळईच्या बगलेत किंवा भिंतीला चिकटवून लावायचा नाही. भिंतीपासून अर्धा मीटर तरी सुटला पाहिजे, कोपऱ्यातली हवा हलत नाही आणि धूर तिथं उशिरा पोचतो. डिटेक्टर कुठं असावेत हे आयएस २१८९ या भारतीय मानकावरून ठरतं. रेडिओने त्याच्याशी जुळवून घ्यायचं, उलट नाही.

तरीही नाही जमलं तर रिपीटर शटरच्या आतल्या बाजूला गेला पाहिजे. बहुतेक जण तो बाहेर व्हरांड्यात लावतात, कारण तिथं लाईटचा पॉइंट असतो आणि दुकानदाराची परवानगी लागत नाही. पण मधे शटर राहतंच. एका ओळीतल्या दुकानांमधल्या भिंती विटेच्या किंवा जांभ्याच्या असतात, त्यातून सिग्नल जातो. म्हणून मधल्या एखाद्या दुकानात किंवा मागच्या बोळात रिपीटर ठेवला तर दोन्ही बाजूची दुकानं सांभाळली जातात. आणि खरं सांगायचं तर पूर्ण वायरलेसचा हट्ट धरूच नये. जिन्यातून प्रत्येक मजल्यावर एक केबल वर नेली, त्या केबलवर रेडिओचं केंद्र बसवलं आणि फक्त दुकानातले डिटेक्टर वायरलेस ठेवले, की निम्म्या कटकटी जन्मालाच येत नाहीत. जिन्यात पाइप ओढायला भिंत फोडावी लागत नाही, मालक कुरकुर करत नाही. विकणाऱ्याला मात्र ‘एकही वायर नाही’ असं सांगायचं असतं.

दुसरा प्रकार ओळखायला जास्त मजेशीर आहे. फॉल्ट येतो एकदम दहा-बारा डिटेक्टरचा, पण वेळ ठरलेली नसते. महिन्यापूर्वी पहाटे पाचला, मग चारला, मग अडीचला, आता बाराला. वेळ अशी अलीकडे सरकत असेल तर डिटेक्टर सोडा, रिपीटरची बॅटरी बघा.

होतं काय, की रिपीटर लाईटवर चालतो आणि लाईट गेली तर आतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. रिपीटरला सप्लाय दिलेला असतो दुकानाच्या बोर्डातून. आपला व्यापारी रात्री शटर ओढायच्या आधी काय करतो? मेन स्विच पाडतो. चांगली सवय आहे, शॉर्टसर्किटच्या भीतीने बापजाद्यांपासून चालत आलेली. पण त्यामुळे रिपीटर रोज रात्री दहा-बारा तास बॅटरीवर आणि दिवसा चार्जिंगवर. ही बॅटरी कधीमधी लाईट गेली तर आधार म्हणून दिलेली असते. रोज रिकामी केली तर काही महिन्यांत तिचा दम संपतो आणि दर आठवड्याला ती थोडी लवकर मान टाकते. टेक्निशियन दिवसा येतो तेव्हा मेन चालू, रिपीटरवर हिरवा दिवा, बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १३ व्होल्टच्या वर दाखवतो, कारण चार्जर चालू आहे. तो ‘ओके’ लिहून जातो.

खरी तपासणी म्हणजे रिपीटरचा लाईट सप्लाय बंद करायचा, अर्धा तास थांबायचं आणि मग व्होल्ट बघायचे. १२ च्या आसपास येऊन पुढे घसरतच असेल तर बॅटरी संपली. नवी टाका, पण तेवढ्यावर थांबलात तर सहा महिन्यांनी परत याल. सप्लाय दुकानाच्या मेनमधून काढून इमारतीच्या सामाईक मीटरवर, स्वतंत्र एमसीबीवर घ्या, आणि त्या एमसीबीवर ‘फायर अलार्म, बंद करू नये’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावा. दोन्ही भाषांत, कारण रात्रपाळीचा माणूस खानापूरचा असेल की गोकाकचा, हे तुम्ही ठरवत नाही. पॅनेलवर छापून आलेलं इंग्रजी स्टिकर कोणीच वाचत नाही.

वॉचमनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. एका संकुलात जिन्याखालच्या केबिनमध्ये पॅनेलच्या बझरवर तिपदरी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्याखाली कापसाचा बोळा. मामांना विचारलं तर म्हणाले, “रोज रातच्याला ओरडायलंय की ओ, साहेब. सांगितलं तर कोण ऐकायलंय? म्हणून तोंड बंद केलं त्याचं.” मामांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तक्रार केली होती, ती वहीत होती, खाली मेंटेनन्सवाल्याची सहीही होती. रोज खोटा वाटणारा इशारा चालू राहिला की माणूस तो बंद करणारच. म्हणून तपासायला गेलात की बझर आधी कानाने ऐका. मग बाकीचं.

तिसरा प्रकार जूनमध्ये सुरू होतो आणि दसऱ्याच्या सुमाराला आपोआप बरा होतो, त्यामुळे त्याची कोणी नीट चौकशी करत नाही. जांभा सच्छिद्र दगड. आपल्याकडच्या पावसात, आणि खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका, बाहेरच्या भिंती आठवडेच्या आठवडे ओल्या राहतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल अडवते. मे महिन्यात काठावर पास झालेला डिटेक्टर जुलैत नापास होतो. हा प्रकार लॉगमध्ये विस्कळीत दिसतो: आज एक, उद्या दुसरा, तासाभरात परत, पुन्हा गेला. नेहमी बाहेरच्या भिंतीकडचे किंवा सर्वात लांबचे. इथं उपाय वर सांगितलेलाच, शिल्लक वाढवायची. उन्हाळ्यात सर्व्हे करावाच लागला तर पावसाळ्यासाठी आकड्यातून आधीच वजाबाकी करून ठेवायची. वखारीत हीच गोष्ट मालाची. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत चढल्या की मोकळ्या गाळ्यात घेतलेलं रीडिंग विसरायचं. तंबाखूच्या पानात, सुतात, गुळात ओल असतेच.

बॅटरीबद्दल थोडं. ईएन ५४-२५ प्रमाणे डिटेक्टरची बॅटरी नेहमीच्या वापरात किमान ३६ महिने टिकली पाहिजे. वर्षभरात लो-बॅटरी येत असेल तर बॅटरी बदलून गप्प बसू नका. सिग्नल काठावर असला की डिटेक्टर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो, काही मॉडेल ताकद वाढवून पाठवतात, आणि बॅटरी त्यात संपते. म्हणजे लवकर संपणारी बॅटरी हाही रेडिओचाच आजार. बदलताना कंपनीने सांगितलेलाच प्रकार घ्या. सीआर१२३ए ही ३ व्होल्टची लिथियम बॅटरी. त्याच मापाच्या रिचार्जेबल बॅटऱ्या बाजारात मिळतात, त्या पूर्ण चार्ज झाल्यावर ४ व्होल्टच्या वर जातात. स्वस्त पडतात म्हणून डिटेक्टरमध्ये घालू नका. डिसेंबर-जानेवारीत फक्त पहाटे येणारा आणि ऊन पडलं की जाणारा लो-बॅटरी फॉल्ट म्हणजे बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय, थंडीने ती उघडी पडली इतकंच.

आता उरला चौथा प्रकार, जो कमी भेटतो पण भेटला की डोकं खातो: सगळ्या मजल्यांवरचे डिटेक्टर, कसलाही मेळ नसताना, ये-जा करतात. इथं बाहेरचा गोंगाट शोधायचा. भारतात परवान्याविना वापरायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ होता, २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. याच पट्ट्यात गोडाऊनमधले आरएफआयडी रीडर (मालावरचे टॅग रेडिओने वाचणारी यंत्रं) चालतात, लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालणारे सेन्सर आणि मीटर चालतात. मोठ्या कपड्याच्या दुकानात कपड्याच्या टॅगसाठी नवा रीडर बसला आणि त्याच आठवड्यापासून त्रास सुरू झाला, तर दोन तास तो रीडर बंद करून लॉग बघा. एवढ्याने कळतं. रीडर हटवता येत नसेल तर अलार्मचे चॅनेल बदलून घ्या.

परदेशी मालाची एक वेगळी गंमत आहे. युरोपासाठी बनलेले बरेच डिटेक्टर ८६८ ते ८७० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे ८६९ पासून वर मोबाईल टॉवरचा ८५० पट्टा सुरू होतो, त्यात टॉवर बोलतो आणि आपले फोन ऐकतात. गच्चीवर टॉवर असलेल्या इमारतीत असा डिटेक्टर वरच्या मजल्यावर लावणं म्हणजे ढोल-ताशाच्या पथकाशेजारी बसून कानगोष्टी करणं. शिवाय तो आपल्या परवानामुक्त पट्ट्यातही बसत नाही. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडे भारतातल्या फ्रिक्वेन्सीचा आणि डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारचा वायरलेस विभाग) ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरीच्या प्रमाणपत्राचा कागद मागा. ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर पैसेही नंतरच द्या.

आणि ज्यांच्याकडे कधीच फॉल्ट येत नाही, त्यांनीही एकदा खात्री करावी. चोर-अलार्मच्या धर्तीवरचे ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त संच ‘वायरलेस फायर अलार्म’ म्हणून ऑनलाइन मिळतात. त्यातले पुष्कळ एकतर्फी असतात: धूर आला तर डिटेक्टर ओरडून सांगेल, पण तो जिवंत आहे की मेलाय हे पॅनेल विचारतच नाही. बॅटरी काढून घ्या, अर्धा तास थांबा. पॅनेल शांत राहिलं तर तो संच घरच्या स्वयंपाकघरात ठीक, लॉजमध्ये किंवा दवाखान्यात नको.

खोट्या अलार्मचा विषय वेगळा आहे, पण दोन्हींत गल्लत होते म्हणून दोन ओळी. लॉगमध्ये ‘फॉल्ट’ ऐवजी ‘फायर’ लिहिलं असेल तर रेडिओ सोडा, डिटेक्टरच्या आतला धूर टिपणारा चेंबर बघा. पहिल्या पावसाआधी बारीक किडे आत शिरतात, वखारीत तंबाखूची धूळ बसते, देवघराच्या कोनाड्यातला धूप वर जातो, कॅन्टीनच्या दारात वाफ. सफाई करा, आणि जिथं वाफ-धूर रोजचाच आहे तिथं धुराऐवजी उष्णतेचा डिटेक्टर लावा.

दुरुस्ती झाल्यावर त्याच दिवशी बिल मागणारा माणूस मला पटत नाही. किमान आठवडाभर लॉगला हात न लावता यंत्रणा चालू द्या, आणि त्या आठवड्यात बाजाराचा सुट्टीचा वार आला पाहिजे, कारण त्या दिवशी शटर चोवीस तास खाली असतात आणि मेनही पाडलेलं असतं. त्या दिवशीची लॉग कोरी निघाली की रात्री शटर ओढलेलं असताना घेतलेली रीडिंग, डिटेक्टरच्या नंबरासह, पॅनेलच्या आतल्या झाकणाला चिकटवून ठेवा. जुलैत कोणी परत आलं तर त्याला ताडून बघायला काहीतरी असेल.